शर्यतीचे भित्तिपत्रक : रस्ता पाहणे आणि रस्ता काढणे



जानेवारी उजाडला की आपल्या नेर तालुक्यातील शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, मुलांची नावे नोंदवली जातात आणि शाळेच्या दारावर एक कागद चिकटवला जातो. या सर्व तयारीत त्या कागदाकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. प्रस्तुत पाठात त्या कागदाचाच, म्हणजे शर्यतीच्या सचित्र भित्तिपत्रकाचा, विचार करावयाचा आहे. चौथी ते सातवीच्या वर्गांना हा पाठ चार तासिकांत घेता येईल.

एक अनुभव

मी नव्याने शिक्षक झालो तेव्हाची गोष्ट आहे. एका लहान गावच्या शाळेत धावण्याची शर्यत ठरली होती. चित्रकलेची आवड असल्याने भित्तिपत्रक मीच रंगवले. त्यासाठी दोन रात्री जागलो. मागे डोंगर, डोंगरांतून उगवणारा सूर्य, पुढे तीन धावणारे मुलगे आणि सभोवार वेलबुट्टी, असे ते चित्र सर्वांनी वाखाणले. मुलग्यांची नावे भराभर आली. मुलींचे मात्र एकही नाव आले नाही. सहावीतल्या एका चपळ मुलीला मी कारण विचारले, तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, ‘गुरुजी, चित्रात त सारे पोट्टेच हायेत.’

मजकुरात ‘सर्व विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द होते. पण ते तळाशी, बारीक अक्षरांत होते. माझ्या चित्राने जे सांगितले ते माझ्या अक्षरांना पुसता आले नाही. त्या वर्षी मुलींची शर्यत झाली नाही. पुढील वर्षी भित्तिपत्रक मुलामुलींनी मिळून काढले आणि त्यात सर्वांत पुढे एक मुलगी धावत होती. अकरा मुलींनी नावे दिली. मात्र ती सहावीतली मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती.

भित्तिपत्रकातील चित्र हे आमंत्रण असते, आणि जो त्या चित्रात नाही त्याला आमंत्रण पोहोचत नाही, हे मी त्या मुलीकडून शिकलो. हेच माणसाप्रमाणे भूमीलाही लागू आहे. आपल्या मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की ती दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, एक नारळाचे झाड आणि एक झोपडी काढतात. कपाशीच्या काळ्या रानात वाढलेले मूल नारळ काढते, याचा अर्थ इतकाच की आपले रान चित्रात घेण्याजोगे आहे असे त्याला कोणी कधी सांगितले नाही.

शर्यत आणि भूमी

ज्या शर्यती लोकांच्या स्मरणात राहिल्या, त्यांचे नाव त्यांच्या रस्त्याशी जोडलेले आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यत म्हटली की बोरघाट आठवतो. खोपोलीपासून खंडाळ्याकडे चढणारा तो रस्ता स्पर्धकांची खरी परीक्षा घेतो, आणि घाट प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवण्याची प्रथा आहे. सातारा येथे 2012 सालापासून डोंगरी अर्ध-मॅरेथॉन भरते. सुमारे 21 किलोमीटरच्या या शर्यतीत धावपटू यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूस जातात व परततात. ज्या कास पठाराच्या दिशेने हा रस्ता जातो, त्याचा पश्चिम घाटासह जागतिक वारसास्थळांत समावेश 2012 सालीच झाला. याच सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. ही हकीकत वर्गात अवश्य सांगावी.

फ्रान्स देशातील ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत 1903 साली एका वृत्तपत्राने आपला खप वाढविण्यासाठी सुरू केली. ते वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. 1919 पासून आघाडीच्या स्पर्धकास पिवळा अंगरखा देण्यात येऊ लागला आणि एका रंगावरून शर्यत ओळखली जाऊ लागली. भित्तिपत्रक काढणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा असा की एकच रंग नेमाने वापरला तर तो खूण बनतो.

आपल्या तालुक्यात बोरघाटासारखा घाट नाही. पण पांदणीचा रस्ता आहे, कपाशीची तासे आहेत, बांधावरचा पळस आणि नाल्यावरची फरशी आहे. आपल्या शर्यतीचे भित्तिपत्रक यांतूनच घडावयास हवे.

भित्तिपत्रकाचा धर्म

पुस्तक वाचणारा बसून वाचतो. भित्तिपत्रक पाहणारा चालत असतो. डोक्यावर भारा किंवा हातात पिशवी घेतलेला माणूस चालता चालता जेवढे पाहील, तेवढेच त्याचे. म्हणून चित्र एकच असावे आणि शब्द मोजके. 1964 सालच्या टोकियो ऑलिंपिकसाठी युसाकु कामेकुरा या जपानी कलावंताने केलेले भित्तिपत्रक याचा उत्तम नमुना आहे. काळ्या पार्श्वभूमीवर नुकतेच उसळून निघालेले धावपटू आणि सोबत केवळ स्पर्धेचे चिन्ह, स्थळ व वर्ष. त्यात शर्यतीचा एकच क्षण आहे, परंतु तो पाहताच पुढचे सारे मनात धावू लागते.

आपल्या भित्तिपत्रकाने पाच गोष्टी सांगाव्यात : काय, कधी, किती वाजता, कोठे आणि कोणासाठी. यांपैकी ‘काय’ आणि ‘कोणासाठी’ हे चित्रानेच सांगितले पाहिजे, कारण गावातील काही आजी-आजोबांना अक्षरओळख नसते.

पहिली तासिका : रस्ता पाहणे

मुलांना शर्यतीच्या रस्त्यावर घेऊन जावे. हा रस्ता वाहनांच्या मार्गापासून दूर, शक्यतो पांदणीचा निवडावा. वही-पेन्सिल सोबत असावी, पण आरंभी काहीही काढू देऊ नये. प्रथम प्रश्न विचारावेत. रस्ता दूर जाताना कसा दिसतो? कपाशीची समांतर तासे लांबवर कोठे मिळाल्यासारखी भासतात? जवळचे बाभळीचे झाड मोठे की दूरचे देऊळ मोठे?

यथादर्शन ही संकल्पना फळ्यावर समजावणे कठीण. कपाशीच्या तासांच्या तोंडाशी मूल उभे केले की ती आपोआप समजते. सपाट रानात क्षितिजरेषा चित्रात खाली घेतल्यास आकाश मोठे दिसते आणि धावणारी आकृती त्यावर उठून येते. घाटाचे चित्र असेल तर क्षितिज वर घ्यावे, म्हणजे नागमोडी रस्त्याला चढण्यास जागा मिळते.

दुसरी तासिका : गतीचे रेखाटन

दोन मुलांना व दोन मुलींना मैदानात धावण्यास सांगावे आणि इतरांनी निरीक्षण करावे. उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे येतो. बहुतेक मुले नेमके हेच चुकवतात. धावणाऱ्याचे अंग किंचित पुढे झुकते. ताठ उभी आकृती कितीही पाय फाकले तरी धावत नाही.

सायकलीच्या शर्यतीचे चित्र असेल तर एक सायकल वर्गात आणावी. साखळी कोणत्या चाकाला जोडलेली आहे, हे पाहून मगच काढावे. स्मरणाने काढताना अनेक मुले ती पुढच्या चाकाला जोडतात. चढावर स्वार पायटे दाबीत उभा राहतो, वळणावर सायकलीसह आतल्या बाजूस कलतो. एवढ्या दोन गोष्टी साधल्या की चित्रातील सायकल चालू लागते.

यानंतर प्रत्येकाने तळहाताएवढ्या चार चौकटींत चार निरनिराळ्या कल्पना काढाव्यात. पहिली कल्पना बहुधा पाहिलेल्या चित्राची नक्कल असते; तिसरी-चौथी मुलाची स्वतःची असते. म्हणून चार काढल्याखेरीज निवड करू नये.

तिसरी तासिका : अक्षरे

बाजारात मिळणारा साधारण 22 × 28 इंचांचा कागद उभा धरावा. दोन भाग चित्राला व एक भाग अक्षरांना द्यावा. देवनागरी अक्षरांसाठी चार आडव्या रेषा आखाव्यात : वरच्या मात्रा-वेलांट्यांसाठी, शिरोरेषेसाठी, अक्षराच्या पायासाठी आणि खालच्या उकारांसाठी. या रेषांअभावी ‘दौड’मधील मात्रा चित्रात घुसते. मुख्य ओळीची अक्षरे 6-7 सेंटिमीटर उंच, दिवस व वेळ निदान 4 सेंटिमीटर असावी. अक्षरे जुन्या कागदातून कापून आधी नुसती मांडून पाहावीत. ती ओळीत मावली की मग चिकटवावीत. अक्षरांना नक्षी, सावली वा वेलबुट्टी नको.

चौथी तासिका : रंग

तीन रंग पुरेत. विकतचे रंग नसल्यास अडून बसू नये. गेरूने मातीचा रस्ता, निळीने आकाश व कोळशाने आकृती उत्तम साधतात. मागील फाल्गुनात वाळवून ठेवलेली पळसाची फुले पाण्यात उकळली असता पिवळसर केशरी रंग मिळतो; उकळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. रंगात बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी मिसळले म्हणजे वाळल्यावर तो हाताला लागत नाही. हळदीचा रंग आकर्षक असला तरी उन्हात उडतो आणि चुन्याचा स्पर्श होताच तांबडा होतो; तो बाहेर लावावयाच्या कागदासाठी टाळावा. पांढऱ्यावर पिवळे अक्षर दुरून दिसत नाही. पिवळ्यावर काळे मात्र स्पष्ट दिसते.

रंग सपाट भरावेत. फ्रान्समध्ये तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने 1896 साली एका सायकल-साखळीच्या जाहिरातीसाठी भित्तिपत्रक केले. मोठा चित्रकार असूनही अशा कामासाठी तो सपाट रंग व ठसठशीत बाह्यरेषा वापरीत असे. आपल्याकडेही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. या कामात कमीपणा मानण्याचे कारण नाही, हे मुलांना कळावे.

परीक्षण

गुण देण्यापूर्वी सर्व कागद भिंतीवर टांगून वर्गाला दहा पावले मागे न्यावे आणि चार प्रश्न विचारावेत.

1. चालता चालता दिवस व वेळ वाचता आली काय?
2. अक्षरे झाकली तरी ही कशाची शर्यत आहे हे कळते काय?
3. हा रस्ता आपल्याच गावचा आहे हे कोणी ओळखील काय?
4. ज्यांनी यावे अशी आपली इच्छा आहे ती सारी माणसे चित्रात आहेत काय?

चौथ्या प्रश्नावर थोडे थांबावे. वर्गातील एखादे मूल काठीच्या आधाराने चालत असेल, तर त्यालाही चित्रात स्थान आहे काय आणि शर्यतीत त्याला काही काम आहे काय, हे मुलांनाच ठरवू द्यावे. शिट्टी वाजविणारा, वेळ मोजणारा, वळणावर पाणी घेऊन उभा राहणारा, हे सारे शर्यतीचेच भाग आहेत.

निवडलेली भित्तिपत्रके शाळेच्या दारावर न ठेवता जेथे माणसे थांबतात तेथे लावावीत : पिठाच्या गिरणीपाशी, रेशन दुकानाशी, एस. टी. थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. जागेच्या मालकाची परवानगी मुलांनी स्वतः मागावी. तोही पाठाचाच भाग होय. शर्यत झाल्यावर कागद उतरवून, मागे तारीख लिहून, शाळेत जपून ठेवावेत.

समारोप

शिक्षकाने सुबक चित्र काढून द्यावे आणि मुलांनी ते पाहावे, ही रीत सोपी आहे. मीही एकदा तसेच केले, आणि त्याची किंमत एका मुलीने दिली. आपण कुंचला मुलांच्या हाती द्यावा. रेषा वाकडी येईल, गेरू ओघळेल, सायकलीचे एक चाक लहान होईल; तरी त्या चित्रात आपल्या गावची पांदण असेल आणि तिच्यावरून धावणारी मुलगी असेल. यंदाच्या शाळाभेटीत अशी भित्तिपत्रके मी गिरणीच्या भिंतींवर शोधणार आहे.