भाड्याच्या घरातील न्हाणीघर व स्वयंपाकघर : टिकाऊ साहित्याची निवड

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा गावी बदलून येणारे अनेक शिक्षक व कर्मचारी भाड्याच्या घरात राहतात. भाडेकरू बदलतात, न्हाणीघर व ओटा यांवर पाणी मात्र रोज पडते. ओली भिंत, गळकी तोटी, उखडलेली फरशी यांवरूनच घरमालक व भाडेकरू यांच्यात कुरबुरी होतात. म्हणून साहित्य निवडताना केवळ किंमत न पाहता ते पाणी किती शोषते आणि गावातच दुरुस्त होते काय, हे पाहणे हिताचे ठरते.

भिंतीच्या चकचकीत टाइल्स सच्छिद्र असून त्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात. त्या जमिनीवर लावू नयेत. विट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. न्हाणीघरात मात्र ती खरखरीत पृष्ठभागाचीच असावी. अन्यथा वृद्ध व बालके घसरण्याचे भय असते. कोटा व कडप्पा हे दगड मजबूत, परंतु चुनखडीचे आहेत. आम्लाने धुतल्यास ते झिजतात, ही सूचना भाडेकरूस प्रारंभीच द्यावी. ओट्यास ग्रॅनाइट अधिक चांगला. लिंबू व चिंचेचा त्यावर सहसा परिणाम होत नाही.

फरशी उत्तम असली तरी सांध्यांतून पाणी झिरपते. म्हणून तिच्याखाली जलरोधक थर द्यावा, तो भिंतीवरही चढवावा आणि २४ तास पाणी साठवून गळती तपासावी. मोरीकडे मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर उतार ठेवावा.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तोटीही पितळेची घ्यावी. ती लोखंडासारखी गंजत नाही आणि केवळ वायसर बदलून पुन्हा चालते. गरम पाण्यास सीपीव्हीसी नळ वापरावा. लाकडी दार तळाशी कुजते. न्हाणीघरास पीव्हीसीचे दार सोयीचे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. आरंभीच योग्य साहित्य निवडल्यास नोटिशीची वेळ सहसा येत नाही. ग्रामपंचायतींनी आपले गाळे व निवासस्थाने बांधतानाही हीच दृष्टी ठेवावी.