आश्रय देणे आणि आपलेसे करणे



घरदार सोडून आलेल्या माणसाला पोटभर जेवू घालणे ही सेवा आहेच. पण ती पहिली पायरी. जेवण झाल्यावर तो आपल्या गावात कोण म्हणून राहणार? कायमचा आश्रित की आपल्यातलाच एक? आजचा पाठ या प्रश्नाविषयी आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधील एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक काही दिवसांतच घरे सोडून आर्मेनियात आले. तिथे भाषा आपली, धर्म आपला, तरीही काम, घर, मुलांची शाळा हे सारे नव्याने उभे करणे आले. मग ज्यांना भाषाही परकी, त्यांचे काय होत असेल?

याचे उत्तर आपल्या जवळच आहे.

वळिवडे आणि गांधीनगर

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील हजारो कुटुंबांना सोव्हिएत राजवटीने दूरच्या प्रदेशात नेऊन टाकले. त्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. आश्रय मिळाला म्हणून त्यांना आपली भाषा किंवा प्रार्थना सोडावी लागली नाही. आज वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे वसली. तेच आजचे गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतली माणसे आता तिथल्या कापडबाजारात जातात. एकेकाळी मदत घेणाऱ्यांच्या दारात आज सारा परिसर गरज घेऊन जातो.

बायलकुप्पे

आम्हा बंगळुरूच्या साधकांना जवळचे उदाहरण बायलकुप्पेचे. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाताना ही तिबेटी वसाहत लागते. १९६० च्या सुमारास तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना इथे सुमारे ३,००० एकर जमीन दिली. ती जंगलाची होती. थंड पठारावरून आलेल्या माणसांनी उन्हात झाडोरा साफ केला, हत्तींपासून पिके राखली, मका पिकवला. सहकारी संस्था उभ्या केल्या. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्ये वेगळी संस्था स्थापन केली. आज तिथले मठ पाहायला दुरून लोक येतात.

यातून काय शिकावे?

दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी दिसतात. राहायला जागा मिळाली. स्वतःची भाषा आणि श्रद्धा जपायची मोकळीक मिळाली. आणि जे तिथेच राहिले, त्यांना स्वतःच्या हाताने काही उभे करण्याची संधी मिळाली. तिसरी गोष्ट आपण सेवेत बहुधा विसरतो. देणारा कायम देतच राहिला, तर घेणाऱ्याची मान खालीच राहते. आणि देणाऱ्याच्या मनात नकळत ‘मी केले’ हा भाव वाढतो. म्हणून समोरच्याकडून काही घेणे हीसुद्धा साधनाच आहे.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी-शिक्षणासाठी महाराष्ट्रातून बंगळुरूला आलो. आपण आपल्या इच्छेने आलो, विस्थापित झालो नाही, हा फरक मोठा आहे. तरी भाजीवाल्याशी पहिल्यांदा मोडके कन्नड बोललो आणि तो हसून नीट शब्द सांगू लागला, तेव्हा शहर थोडे आपले वाटले, हे आठवून पाहा.

या आठवड्याचा अभ्यास

१. आपल्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून किंवा देशातून आलेले एक कुटुंब ओळखा. त्यांचे नाव त्यांच्याच उच्चाराने म्हणायला शिका.

२. ‘काय देऊ?’ असे विचारण्याआधी ‘तुम्ही तिकडे काय करत होता?’ असे विचारा. त्यांचे कसब समजले, की कामाची वाट सापडते. दुःखाची कहाणी मात्र खोदून विचारू नका. सांगावीशी वाटली तर ते सांगतील.

३. रेशनकार्ड, शाळाप्रवेश, बँक खाते यांसाठी एकदा सोबत जा. अर्ज त्यांना स्वतः भरू द्या. तुम्ही शेजारी बसा.

४. त्यांनी चहा दिला तर नको म्हणू नका.

रात्री ध्यानाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारा : आज मी कुणाला काही दिले, हे ठीक, पण मी कुणाकडून काय स्वीकारले?