पहिले पंधरा दिवस एकट्याने काढू नकोस



सिगारेट सोडायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. मात्र त्याच पत्रात पुढे लिहिलं आहेस की हे कुणाला कळू द्यायचं नाही, ऑफिसात नाही आणि पीजीतल्या मुलांनाही नाही. जमलं की मगच सांगायचं. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. गुपचूप सोडण्यात स्वाभिमान आहे असं तुला वाटत असेल, पण त्यात एक सोयही दडलेली आहे. नाही जमलं, तर कुणाला कळणार नाही. पुन्हा ओढायला लागण्याची वाट त्या बेतात पहिल्या दिवसापासून उघडी ठेवलेली आहे. माझं म्हणणं उलट आहे. आधी सोबत जमव आणि मग तारीख ठरव. पुढचं पुढे बघता येईल, पण पहिले पंधरा दिवस एकट्याने काढू नकोस.

पंधराच दिवस का, तर शरीराचं गणित तसं आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून शेवटच्या सिगारेटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त होतो. चिडचिड, बेचैनी, तुटक झोप, सारखी भूक, समोरच्या कोडवर लक्ष न लागणं, हे सगळं त्यात आलं. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांवर जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परत ओढायला लागलेले दिसले. आता याच्या जोडीला दुसरी गोष्ट ठेव. एकेक तलफ काही मिनिटांची असते. ती वाढत वाढत जाऊन माणसाला गिळत नाही, चढते आणि उतरते. तेव्हा तुला दिवसभराचा निग्रह लागत नाही. दिवसातून काही वेळा, काही मिनिटं निभावून न्यायची आहेत, आणि त्या वेळा तुला आधीपासून ठाऊक आहेत.

त्या वेळा कोणत्या, हे बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. सकाळच्या स्टँडअप मीटिंगनंतर, जेवणानंतर, चारच्या सुमारास आणि रात्री काम संपल्यावर चार-पाच जण खाली उतरतात. सत्तावीसाव्या मेनवर नाहीतर मागच्या एखाद्या क्रॉसवर बेकरी किंवा कॉन्डिमेंट्सचं दुकान असतंच. एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात सुट्टा, अशा उभ्याउभ्या गप्पा होतात. घरापासून लांब, मराठी-कन्नड-हिंदी-तेलुगू अशा मिश्र गावात नव्याने आलेल्या मुलाला पहिली ओळख बहुधा इथेच मिळते. म्हणजे सिगारेट लागली ती माणसांच्या सोबतीत, आणि तिची आठवणही माणसं, जागा आणि वेळ मिळून करून देतात. असं असताना सोडणं मात्र एकांतात, या हिशेबात मला चूक दिसते.

तिथे एकेक सुटी सिगारेट घेण्याच्या सवयीने आणखी एक नुकसान होतं. कर्नाटकात २०१७पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी गाड्यांवर ती राजरोस मिळते. २०१८पासून प्रत्येक पाकिटावर तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक छापणं सक्तीचं आहे. पण जो एकेक सिगारेट विकत घेतो, त्याच्या हाती पाकीट येतच नाही. मदतीचा क्रमांक दुकानदाराच्या बरणीमागे राहतो.

आता पुराव्याकडे येतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८पासून हृदयरोगाचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झाली. भावंडांत हा आकडा २५ होता, मित्रांत ३६. आणि लहान कंपन्यांत एका सहकाऱ्याने सोडली, तर दुसऱ्याची शक्यता ३४ टक्क्यांनी घटली. हा शेवटचा आकडा तू दोनदा वाच, कारण तुझं ऑफिस तसंच आहे, एका मजल्यावर मावणारं. माणसं सुटीसुटी नाही, तर गटागटाने सिगारेटमधून बाहेर पडली, असं त्यांना दिसलं. शिकलेल्या मित्रांचा एकमेकांवरचा परिणाम कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त होता, हेही त्यात आहे.

तू अभियंता आहेस, लगेच म्हणशील की सारखी माणसंच एकत्र येतात. सोडायच्या बेतात असलेल्यांनी तसेच मित्र धरले असतील, किंवा सगळ्यांवर एकदमच महागाईचा आणि कायद्याचा परिणाम झाला असेल. आक्षेप रास्त आहे आणि तज्ज्ञांनीही तो घेतला आहे. पण त्याच अभ्यासात शेजाऱ्यांचा एकमेकांवर असा परिणाम दिसला नाही. किंमत, कायदा, जाहिराती हीच कारणं असती, तर ती शेजारच्या घरालाही लागू पडली असती. शिवाय वेगळ्या जातीचा पुरावाही आहे, ज्यात कुणी कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं जातं. अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१७ साली घेतला. गटात बसून, एकमेकांचं ऐकत सोडणाऱ्यांना नुसती पुस्तिका हातात मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट यश आलं. गट हा समुपदेशकाने एकट्याला नीट वेळ देण्यापेक्षा सरस आहे, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. सोबत सहाध्यायांची असो की जाणत्या माणसाची, ती नसण्यापेक्षा असणं बरं, एवढं नक्की.

मग तू म्हणशील, दुप्पट म्हणजे किती? काहीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते शंभरात तीन ते पाच. दुप्पट केले तरी दहाच्या आत. मी हा आकडा लपवत नाही, उलट मनोबलावर सगळी भिस्त ठेवणाऱ्याने तो आधी पाहावा. शंभरातले पंच्याण्णव काही दुबळ्या मनाचे नसतात. आणि सोबत हा एकच उपाय वापरायचा, असंही कुठे लिहिलेलं नाही. औषधाच्या दुकानात दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम मिळतो. निकोटीनच्या अशा पर्यायांनी यशाची शक्यता साधारण दीडपट होते. गम चुइंगमसारखा सतत चघळायचा नाही. थोडा चावून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. मित्र व्हेप पुढे करतील, तो नाकार. २०१९पासून त्याच्या विक्रीवर देशभर बंदी आहे, आणि ऑफिसच्या खाली उभं राहून ओढण्याची सवय त्याने जशीच्या तशी राहते.

तुझा सगळ्यात पक्का आक्षेप मीच मांडतो. जवळच्या माणसांना 'आधार कसा द्यायचा' हे शिकवून पाहण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत, आणि त्यातून सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं ठोसपणे दिसलेलं नाही. मग सोबतीचा उपयोग काय? माझ्या मते फरक सोबतीच्या प्रकारात आहे. घरच्यांचा आधार पाहता पाहता पाळतीत बदलतो. 'आज ओढलीस का?' हा प्रश्न आईने विचारला की खोटं बोलावंसं वाटतं. तोच प्रश्न जो स्वतः दुसऱ्या दिवसाच्या बेचैनीत आहे त्याने विचारला, तर खरं सांगता येतं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, तेव्हापासून तिथे ही जाण आहे. त्या केंद्रात काम करणारे कितीतरी जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. नव्याने आलेल्या माणसाला त्यांच्यासमोर आपली लाज झाकावी लागत नाही. दारू आणि सिगारेट यांची तुलना तुला जड वाटेल, पण पहिल्या आठवड्यात खोटं बोलायची इच्छा दोन्हीकडे सारखीच होते.

म्हणून दोघं-तिघं पुरेत, पण नीट निवड. एक जण असा हवा की ज्याने सोडून वर्ष होऊन गेलं आहे. सगळेच एकाच दिवशी सोडणारे असले, तर तिसऱ्या दिवशी सगळेच चिडलेले असतील आणि एक घसरला की बाकीचे त्याच्या मागून जातील. ही भीती खरी आहे. तेव्हा आधीच ठरवून ठेवा की ज्याने झुरका मारला तो त्याच संध्याकाळी सांगेल, त्याला कुणी बोल लावणार नाही, आणि दुसऱ्या सकाळपासून तो पुन्हा मोजायला लागेल. घसरण्यापेक्षा घसरण लपवणं जास्त घातक, कारण एक झुरका लपवला की दुसऱ्याला अडवणारं कुणी उरत नाही. त्या चारही वेळा ठरवून एकमेकांना द्या. चारला खाली उतरायचंच, पण त्या दुकानाकडे न जाता एक फेरी मारून यायचं. सकाळी अगरा तळ्यावर चालायला जा. कॉफी निम्म्यावर आण, हे विशेष सांगतो. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन लवकर निकालात काढतं. धूर बंद झाला की तेवढ्याच फिल्टर कॉफीतून रक्तात कॅफीन जास्त राहतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळेच होतंय.

सुट्टा ब्रेकला गेलो नाही तर खऱ्या गप्पांतून बाहेर पडेन, वरिष्ठ तिथेच मनातलं बोलतात, ही तुझी धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. परक्या गावात ती फार खरी असते. पण लपवून सोडलंस, तर रोज नवी सबब शोधावी लागेल आणि माणसं खरोखर दुरावतील. उघड सांगितलंस, तर 'पंधरा दिवस तिथे उभा राहणार नाही, नंतर चहाला येतो' एवढंच वाक्य पुरतं. आणि सांगितल्यावर काय होतं याचा अंदाजही आकड्यांतून करता येतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. त्या दुकानापाशी उभ्या असलेल्या चौघांतल्या दोघांच्या मनात बहुधा तेच आहे. कुणी पहिल्यांदा बोलत नाही, एवढंच.

आणि अगदीच कुणी मिळालं नाही तर? तरीही एकटा राहू नकोस. होसूर रोडवर, तुझ्यापासून फार लांब नाही, निमहान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय आहे. तिथे व्यसनोपचाराचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचं दक्षिणेतलं कामही तिथून चालतं. १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. तारीख ठरवलीस की तिथले समुपदेशक पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. मन फारच खचलंय असं वाटलं, तर मात्र मित्रांवर भागवू नकोस, सरळ तिथल्या डॉक्टरांना भेट.

तुझ्या वयाबद्दल एक सांगायचं राहिलं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जे मांडलं, त्यानुसार आयुष्यभर ओढणारा सरासरी दहा वर्षं आधी जातो, आणि तिशीत सोडणारा ती जवळजवळ सगळी वर्षं वाचवतो. पन्नाशीत सोडली, तर सहाच वाचतात. तू अजून तिशीच्या अलीकडे आहेस.

तेव्हा तारखेची घाई करू नकोस. आधी ऑफिसातल्या एकाला आणि पीजीतल्या एकाला या आठवड्यात सांग. दोघांपैकी एक जरी हो म्हणाला, की मला तारीख कळव.

तुझा,
मामा