आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण : आखणीतील सहभाग

ग्रामीण भारतात आरोग्यसेवा घराच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याचे काम प्रामुख्याने गावातीलच महिला कार्यकर्त्या करतात. त्यांची निवड आणि मोबदला या विषयांवर बरीच चर्चा होते. त्यांचे प्रशिक्षण कोणी व कसे आखावे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक, नवजात बालकाच्या धोक्याची लक्षणे वेळीच ओळखली जातात की नाही, हे मोठ्या प्रमाणावर या प्रशिक्षणाच्या गुणवत्तेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते निवडण्याची शिफारस केली आणि १९७७ मध्ये देशपातळीवर तशी योजना सुरू झाली. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाला मध्यवर्ती स्थान दिले. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारणतः १,००० लोकसंख्येमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्याचे धोरण स्वीकारले. तिच्यासाठी पहिल्या वर्षी २३ दिवसांचे, टप्प्याटप्प्याने द्यावयाचे प्रशिक्षण ठरविण्यात आले.

एवढ्या मोठ्या संख्येला प्रशिक्षण देण्यासाठी साखळी पद्धत वापरली जाते. राज्यस्तरावरील प्रशिक्षक जिल्ह्यातील प्रशिक्षकांना आणि ते कार्यकर्त्यांना शिकवितात. या पद्धतीत आशयाची एकरूपता राहते. परंतु प्रत्येक पायरीवर प्रात्यक्षिकाचे व्याख्यानात रूपांतर होण्याचा धोका असतो. शिवाय गावात येणाऱ्या अडचणी उलट दिशेने, म्हणजे अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांपर्यंत, सहसा पोहोचत नाहीत.

तीन अनुभव

जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथील ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. त्या नियमितपणे केंद्रावर एकत्र येत, गावात आलेले अनुभव मांडत आणि त्यांतून शिकण्याचे विषय पुढे येत. त्यामुळे प्रशिक्षण एकदाच उरकण्याचा कार्यक्रम न राहता कामाचाच भाग बनले.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनियाच्या निदानासाठी श्वासमापक तयार केला. मोठ्या संख्या मोजता न येणाऱ्या दाईंना तो वापरता यावा, हा त्यामागील विचार होता. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी अशी त्याची रचना आहे. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोहोचल्यास श्वास धोक्याच्या मर्यादेपर्यंत वाढला असे समजायचे. दोन महिन्यांखालील बालकासाठी मिनिटाला ६० आणि त्यानंतर एक वर्षापर्यंत ५० श्वास ही वैद्यकीय मर्यादा कायम राहिली. ती ओळखण्याची रीत मात्र दाईंच्या क्षमतेनुसार ठरली. याच संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये देशभर आशांमार्फत अशी सेवा देण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा आणि घरच्या प्रसूतीनंतर सात गृहभेटी अपेक्षित आहेत.

छत्तीसगडमध्ये २००२ पासून ‘मितानिन’ कार्यक्रम आकारास आला. ‘मितान’ ही त्या प्रदेशातील विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीची रूढ परंपरा आहे. गावाऐवजी पाडा हे निवडीचे एकक मानल्यामुळे कार्यकर्ती आणि कुटुंबे यांतील अंतर कमी राहिले. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीतून या कार्यक्रमाची उभारणी झाली.

सहभागी आखणीचे टप्पे

१. गरजनिश्चिती : कोणता विषय येत नाही एवढेच न विचारता, गृहभेटीत नेमकी कोठे अडचण येते, याची कार्यकर्त्यांकडून उदाहरणे घ्यावीत. बाळाचे वजन करू देण्यास सासू नकार देत असेल, तर वजनकाट्याच्या माहितीबरोबरच संवादकौशल्याचाही सराव आवश्यक ठरतो.

२. आशयाची विभागणी : औषधाची मात्रा, धोक्याची लक्षणे आणि रुग्णालयात पाठविण्याचे निकष वैद्यकीय पुराव्यानेच ठरावेत. भाषा, क्रम, चित्रे, उदाहरणे आणि प्रशिक्षणाची वेळ यांबाबत मात्र कार्यकर्त्यांचे मत निर्णायक असावे.

३. पूर्वचाचणी : पुस्तिका छापण्यापूर्वी काही कार्यकर्त्यांनी ती प्रत्यक्ष गृहभेटीत वापरून पाहावी व त्यांच्या सूचनांनुसार बदल करावेत.

४. मूल्यमापन : उपस्थिती व लेखी चाचणी यांवर न थांबता, कार्यकर्ती घरात कौशल्य कसे वापरते याचे निरीक्षण करावे आणि त्यातून पुढील फेरीचे विषय ठरवावेत.

मर्यादा

सहभाग नावापुरता राहण्याची शक्यता असते. तयार मसुद्यावर अखेरच्या दिवशी अभिप्राय घेणे म्हणजे सहभागी आखणी नव्हे. अधिकाऱ्यांसमोर कार्यकर्त्या मोकळेपणाने बोलतीलच असे नाही. म्हणून लहान गट आणि अनुभवी कार्यकर्त्यांमधून घडविलेले प्रशिक्षक उपयुक्त ठरतात. आशा या मानसेवी कार्यकर्त्या असून त्यांचे उत्पन्न बहुतांशी कामानुसार मिळणाऱ्या प्रोत्साहन रकमेवर अवलंबून असते. आखणीच्या बैठकीसाठी दिलेला दिवस त्यांच्या दृष्टीने बुडालेली मजुरी किंवा राहिलेले घरकाम असू शकतो. त्या वेळेचा मोबदला न देता सहभागाची अपेक्षा करणे न्याय्य ठरत नाही.

निष्कर्ष

झारखंड व ओडिशातील ग्रामीण भागात आशांनी चालविलेल्या महिला गटांच्या सहभागी बैठकांमुळे नवजात मृत्युदर सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या अडचणी ओळखून त्यांवर उपाय शोधण्याची संधी मिळाल्यास ग्रामीण महिला काय साध्य करू शकतात, हे त्यातून दिसते. तीच संधी आशांना स्वतःच्या प्रशिक्षणातही मिळणे आवश्यक आहे. विज्ञान कोणती काळजी घ्यावी हे सांगते. ती काळजी एखाद्या घरात प्रत्यक्ष कशी पोहोचेल, याचे ज्ञान रोज त्या घरात जाणाऱ्या कार्यकर्तीकडे असते. या दोन्हींची सांगड घालणे, हेच प्रशिक्षण आखणीचे खरे काम होय.