नाव ओळखीचं, गोळी कोणती?

अंगावर पित्त उठलं की आमच्या वांगणीत आता आमसुलाआधी ‘अ‍ॅलेग्रा’ आठवते. युरोपात हे मुलीचं नाव. आपल्याकडे ते गोळीचं. एखादं नाव घरातलं झालं की त्याच्यावर भरवसाही घरच्यासारखाच बसतो, आणि धोका तिथेच असतो.

बांधावरचं गवत कापताना मला गांधीलमाश्या डसल्या. अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले. घरात होती ती गोळी मला दिली आणि सगळे निर्धास्त झाले. गोळी पोटात गेली, आता उतरेल! पण घसा आवळत गेला, आवाज बसला, डोळ्यांपुढे अंधारी आली. गावच्या आशा सेविका ताईंनी माझा आवाज ऐकताच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावला. जव्हारच्या रुग्णालयात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मिळालं, तेव्हा श्वास मोकळा झाला.

या गोळीत फेक्सोफेनाडिन असतं. खाज, शिंका, वाहतं नाक यांवर ते चांगलं. पण गुण यायला तासभर तरी लागतो, आणि सुजलेला घसा किंवा घसरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही.

पाकिटावर मोठ्या नावाखालची बारीक अक्षरंही वाचून घ्या. नावापुढे ‘एम’ असेल तर आत माँटेलुकास्ट हे आणखी एक औषध असतं. त्याने काहींची झोप आणि मन बिघडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मुलांना ते मनाने देऊ नका. दुकानात नुसती ‘पित्ताची गोळी’ मागितली तर आम्लपित्ताची हातात पडते, आणि त्यातल्या काही गोळ्या सोबत घेतल्या तर फेक्सोफेनाडिन अंगाला नीट लागत नाही. फळांच्या रसानेही तेच होतं. साध्या पाण्याबरोबर घ्या.

डंखानंतर धाप लागली, आवाज बदलला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर गोळीच्या गुणाची वाट पाहू नका, लगेच 108 ला फोन लावा. माणसाला चालवू नका; आडवं निजवून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसवा. पाड्यावर रेंज कुठे येते, रात्री जीप कोण काढतं, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. आणि इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून लगेच घरी निघू नका. काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो. डॉक्टर सोडतील तेव्हाच उठा.