आर्तवक्षय : आधी रसविचार

कर्जत-खालापूर भागातील ठाकुरवाडीची रुग्णा ‘पाळी लांबली’ म्हणून येते, तेव्हा आम्ही प्रथम गर्भधारणा नसल्याची खात्री करतो. तत्पूर्वी रजःप्रवर्तिनी वटी देणे गर्भास घातक ठरू शकते.

आर्तव हा रसधातूचा उपधातू होय. अल्पाहार व अतिश्रमाने रसक्षय होऊन पांडुता आलेल्या स्त्रीस केवळ उष्ण-तीक्ष्ण औषधे देऊ नयेत. दीपन-पाचन करून शतावरी, लोहकल्प, नाचणी व तीळ-गूळ यांनी रसपोषण करावे. स्थूल, कफप्रधान रुग्णेत मात्र बहुधा मार्गावरोध आढळतो. तेथे लंघन, व्यायाम व कुमार्यासव योजावे.

तीन महिने पाळी न आल्यास हिमोग्लोबिन, थायरॉइड व सोनोग्राफी अवश्य करवून घ्यावी. एकदा रजोदर्शन झाले म्हणून चिकित्सा थांबवू नये. पुढील तीन ऋतुचक्रे पथ्य पाळावयास सांगावे.