पुण्याची बेरीज, पापाची वजाबाकी

सापशिडी तुम्ही सर्वांनीच खेळली असेल. या खेळाचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. मोक्षपटावर शिडीच्या पायथ्याशी एखादा सद्गुण आणि सापाच्या तोंडाशी एखादा दुर्गुण लिहिलेला असे. सद्गुणाच्या घरात पडलात की वर चढा, दुर्गुणाच्या घरात पडलात की खाली घसरा! खेळ बोधप्रद खरा, पण त्यात एक उणीव आहे. कोणत्या घरात जायचे हे खेळणारा ठरवत नाही, दान ठरवते. ज्याने निवड केलीच नाही, त्याला चांगला किंवा वाईट कसे म्हणणार?

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अलीकडच्या एका खेळप्रकाराने केला आहे. त्याला आपण ‘भूमिका-खेळ’ म्हणू. यात खेळाडू एखाद्या काल्पनिक जगातील योद्धा, जादूगार किंवा वाटसरू होतो. काय बोलायचे, कोणाला वाचवायचे, कोणाला लुटायचे हे तो स्वतः ठरवतो आणि खेळ त्याच्या वर्तनाची नोंद ठेवतो. परंतु हे खेळ खेळणाऱ्यांचीच या नोंदीबद्दल मोठी तक्रार आहे. ती तक्रार वरवर खेळाची वाटली, तरी मुळात मापनाची आहे. आणि मापन हा तर भौतिकशास्त्राचा पाया! तेव्हा या तक्रारीकडे आपण भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहू या.

एक रेषा, दोन अक्ष

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याला संगणक लागत नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र पुरतात. मित्रांपैकी एकजण पंच होतो आणि गोष्ट पुढे नेतो. या खेळात प्रत्येक पात्राची ‘वृत्ती’ ठरवावी लागे. सुरुवातीला ती एकाच रेषेवर होती : एका टोकाला सुव्यवस्था, दुसऱ्या टोकाला अनागोंदी आणि मध्ये तटस्थता. पुढे हीत ‘चांगले-वाईट’ असा दुसरा अक्ष आला आणि १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात ३ × ३ = ९ वृत्तींचा चौकोन तयार झाला. नियम पाळणारा पण दुष्ट, नियम मोडणारा पण सज्जन, अशी माणसे आता मांडता येऊ लागली. भूमितीच्या भाषेत सांगायचे तर संख्यारेषेवरून आपण प्रतलावर आलो.

पण येथे पंच हा माणूस होता, हे विसरू नका. एखाद्याने चोरी केली, तर ‘का केलीस?’ असे तो विचारू शकत होता. संगणकाला हा प्रश्न विचारता येत नाही. त्याला हवा असतो आकडा.

तीन तत्त्वे, आठ सद्गुण

संगणकावरच्या खेळात हा विचार गंभीरपणे आणला तो रिचर्ड गॅरियट यांनी. त्यांचा ‘अल्टिमा ४’ हा खेळ १९८५ साली आला. यात कोणत्याही महाराक्षसाला मारायचे नसते. सद्गुणी होऊन ‘अवतार’ बनायचे, हेच ध्येय. (होय, शब्द आपलाच!) गॅरियट यांनी सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन तत्त्वे घेतली. प्रत्येक तत्त्व एकतर आहे किंवा नाही; म्हणजे २ × २ × २ = ८ शक्यता. नुसत्या सत्यातून प्रामाणिकपणा, नुसत्या प्रेमातून करुणा, नुसत्या धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय, प्रेम आणि धैर्य मिळून त्याग, सत्य आणि धैर्य मिळून बाणेदारपणा. तिन्ही मिळून अध्यात्म. आणि तिन्ही तत्त्वांपासून स्वतंत्र उभी राहते ती नम्रता.

खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण समोरासमोर येतात. प्रामाणिक राहावे तर करुणा दुखावते, करुणा दाखवावी तर प्रामाणिकपणा सुटतो, अशी कोंडी! प्रश्न सातच का? आठ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत किती सामने होतात ते मोजा : ४ + २ + १ = ७. येथे चूक किंवा बरोबर उत्तर नसते, दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागते. खऱ्या आयुष्यातील अवघड निवडही पुष्कळदा अशीच असते.

खेळात पुढे जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई भेटते. ती किंमत सांगते आणि पैसे खेळाडूने स्वतः मोजून द्यायचे असतात. कमी दिले, तरी तिला दिसत नाही. पण संगणक मात्र आतल्या आत प्रामाणिकपणाचे गुण कापतो. हे गुण पडद्यावर कोठेच दिसत नाहीत. राजवाड्यातील एका द्रष्ट्याला विचारले, तर तो मोघम उत्तर देतो. कल्पना सुंदर आहे. तरीही आत आकडाच होता, आणि आकडा म्हटला की पळवाट आली. भिकाऱ्याला एक नाणे दिले, तरी करुणा वाढते. मग खेळाडू करुणा वाटावी म्हणून नाणी देत नाही, करुणेचा आकडा वाढावा म्हणून देतो.

पहिली तक्रार : अंतर आणि विस्थापन

‘फॉलआउट ३’ (२००८) या खेळात अणुयुद्धानंतरचे उजाड जग आहे. तेथील मेगॅटन नावाच्या वस्तीत एक न फुटलेला अणुबाँब पडलेला असतो. खेळाडू तो निकामी करू शकतो किंवा पैशांसाठी उडवूनही देऊ शकतो. उडवला, तर सारी वस्ती नष्ट होते आणि खेळाडूच्या खात्यातून १००० गुण वजा होतात. या गुणांना त्या खेळात ‘कर्म’ असेच नाव आहे. याच खेळात तहानलेल्या भिकाऱ्याला शुद्ध पाण्याची एक बाटली दिली, की ५० गुण मिळतात. आता भागाकार करा : १००० ÷ ५० = २०. वीस बाटल्या पाणी वाटले, की एका वस्तीच्या संहाराचा हिशेब शून्यावर! ‘करून करून भागला, देवपूजेला लागला’ ही आपली म्हण जणू नियम म्हणूनच येथे लिहिलेली आहे.

चूक कोठे आहे? तुम्ही घरून २ किलोमीटरवरच्या शाळेत गेलात आणि परत आलात. तुमचे विस्थापन शून्य, पण कापलेले अंतर ४ किलोमीटर. विस्थापन फक्त आरंभबिंदू आणि अंत्यबिंदू पाहते, मधला मार्ग पाहत नाही. चपलेचा तळ झिजतो तो अंतराने, विस्थापनाने नव्हे! या खेळाने माणसाच्या वर्तनाचे विस्थापन मोजले आणि अंतर सोडून दिले.

महाभारतातील युधिष्ठिराची गोष्ट आठवा. द्रोणाचार्यांना फसवणारे अर्धसत्य तो बोलला. आयुष्यभराचे पुण्य गाठीशी असूनही त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागले. म्हणजे त्या कथेत पाप आणि पुण्य यांची खाती वेगळी आहेत. एकातून दुसरे वजा होत नाही.

‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ (२०१०) या खेळात असाच मार्ग काढलेला दिसतो. त्यात ‘कर्मा’चे गुण आहेतच, पण शिवाय प्रत्येक वस्तीची आणि प्रत्येक गटाची खेळाडूबद्दल वेगळी नोंद असते, तीतही सुकीर्ती एका रकान्यात आणि दुष्कीर्ती दुसऱ्या. साधारणपणे एकीमुळे दुसरी पुसली जात नाही. मदतही केली आणि लूटही केली, तर लोक तुम्हाला ‘शून्य’ समजत नाहीत. भरवसा नसलेला माणूस समजतात. हे वास्तवाच्या किती जवळ आहे!

दुसरी तक्रार : मापकच ढवळाढवळ करतो

पेलाभर गरम पाण्यात तापमापी बुडवली, तर फारसा फरक पडत नाही. पण चमचाभर पाण्यात थंड तापमापी बुडवली, तर तापमापीच पाण्याची उष्णता घेते आणि आपण मोजतो ते मूळ तापमान राहत नाही. सद्गुणांच्या मापकाचेही असेच होते.

‘मास इफेक्ट २’ (२०१०) या अंतराळकथेत सौजन्याचे आणि उद्दामपणाचे गुण वेगवेगळे मोजतात, हे चांगलेच. परंतु काही प्रभावी उत्तरे एका बाजूचे पुरेसे गुण जमल्यावरच देता येतात. परिणाम असा, की बरेच खेळाडू प्रारंभीच एक बाजू धरतात आणि मग समोर कोणताही प्रसंग येवो, त्याच बाजूचे उत्तर निवडतात. दहा निर्णयांच्या ठिकाणी एकच निर्णय झाला आणि पुढचे नऊ आपोआप झाले!

बक्षिसाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. भूमिका-खेळाच्या शेजारचा ‘बायोशॉक’ (२००७) हा खेळ घ्या. त्यातील लहान मुलींच्या शरीरात ‘अ‍ॅडम’ नावाचे शक्तिदायी द्रव्य असते. मुलीचा जीव घेऊन ते काढले, तर १६० एकके मिळतात. तिला वाचवले, तर ८०. त्याग खरा वाटतो ना? पण तीन मुली वाचवल्या की २०० एककांची भेट येते. आता मांडू :

तीन मुली मारल्या : ३ × १६० = ४८०
तीन मुली वाचवल्या : ३ × ८० + २०० = ४४०

फरक केवळ ४० एककांचा, म्हणजे सुमारे ८ टक्के. शिवाय भेटीबरोबर इतर उपयोगी वस्तूही येतात. म्हणजे चांगले वागण्याची किंमत जवळजवळ काहीच नाही! ज्याची किंमत मोजावी लागत नाही, त्याला त्याग म्हणावे काय? खेळाडूंचा आक्षेप नेमका हाच होता.

तिसरी तक्रार : उलटी फिरणारी प्रक्रिया

बर्फ वितळून पाणी होते आणि पाणी गोठवून पुन्हा बर्फ करता येते. पण चहात पडलेले दूध परत वेगळे करता येत नाही. पहिल्या प्रकारचा बदल उलटवता येतो, दुसऱ्या प्रकारचा येत नाही. संगणकावरच्या खेळात मात्र सारेच बदल उलटवता येतात! निर्णयापूर्वी खेळ जतन करायचा, परिणाम पाहायचा, आवडला नाही तर मागे जायचे. पश्चात्तापाला जागाच उरत नाही.

यावर दोन उत्तरे शोधली गेली. पोलंडमध्ये, आंद्जेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून तयार झालेल्या ‘द विचर’ (२००७) या खेळात काही निर्णयांचे परिणाम पुष्कळ उशिरा दिसतात. नदीकाठच्या मालाची राखण करताना तो बंडखोरांना नेऊ द्यायचा की नाही, हे खेळाडू पहिल्या प्रकरणात ठरवतो. नेऊ दिला, तर त्यापायी पुढच्या प्रकरणात एका माणसाचा जीव जातो. तोपर्यंत मागे जायचे म्हणजे तासन्‌तासांचा खेळ वाया घालवायचा!

टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ (२०१५) ने दुसरी युक्ती केली. तुम्ही मागे गेलात, तरी तुम्ही काय केले होते ते त्यातील एक पात्र लक्षात ठेवते आणि तोंडावर बोलून दाखवते. याच खेळात शत्रूला न मारताही पुढे जाता येते. बहुतेक भूमिका-खेळांत शत्रू मारला की ‘अनुभवा’चे गुण मिळतात. येथे शेवटी कळते, की ते गुण अनुभवाचे नव्हतेच. आपण किती जणांना मारले, याचाच तो हिशेब होता. इतका वेळ आनंदाने वाढवत आणलेला आकडा नेमके काय मोजत होता, हे खेळाडूने विचारलेच नव्हते.

हा आकडा काय मोजतो?

मग खेळ रचणाऱ्यांना दोष द्यायचा काय? त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. संगणकाला कृती दिसते, हेतू दिसत नाही. कीर्तीसाठी पाणी देणारा आणि कळवळ्याने पाणी देणारा, दोघेही एकच कळ दाबतात. आकड्याशिवाय संगणकाला पुढची गोष्ट ठरवता येणार नाही. तेव्हा आकडा वाईट नाही. तो जे मोजत नाही, ते मोजतो असे समजणे वाईट. तापमापी तापमान दाखवते, उष्णतेचे प्रमाण नव्हे. विस्तवाची ठिणगी आणि बादलीभर कोमट पाणी यांत अधिक तप्त कोण आणि अधिक उष्णता कोणात, हे दोन निराळे प्रश्न आहेत. तसेच ‘किती चांगली कृत्ये केली?’ आणि ‘माणूस किती चांगला?’ हेही दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याला आकडा चालतो, दुसऱ्याला कारण विचारावे लागते.

आणि हा धडा खेळापुरता नाही. तुमच्या प्रगतिपुस्तकातही आकडे असतात. ते उत्तरपत्रिकेतील उत्तरे मोजतात. समज वाढली म्हणून आकडा वाढला, तर उत्तम. पण केवळ आकडा वाढावा म्हणून पाठांतर केले, तर तो भिकाऱ्याला दिलेल्या एका नाण्यासारखा समजावा. म्हणून कोणतेही माप हाती आले, की पहिला प्रश्न हाच विचारा : हे नेमके काय मोजते?

करून पाहा

१. गॅरियट यांनी तीनऐवजी चार तत्त्वे घेतली असती, तर किती सद्गुण तयार झाले असते? बाद पद्धतीने किती प्रश्न विचारावे लागले असते?

२. ‘बायोशॉक’मधील भेट किती एककांची ठेवली असती, तर दोन्ही मार्गांचे अ‍ॅडम सारखेच झाले असते? वाचवणे हा खरा त्याग ठरावा, म्हणून तुम्ही ती किती ठेवाल? का?

३. शिक्षकांच्या मदतीने वर्गाचे दोन गट करा. दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागेल असे चार प्रसंग लिहा. पहिल्या गटाला प्रत्येक उत्तराचे गुण आधीच सांगा, दुसऱ्याला सांगू नका. प्रत्येकाने निर्णय आणि त्याचे कारण एका वाक्यात लिहावे. नंतर दोन्ही गटांचे निर्णय नव्हे, तर कारणे शेजारी ठेवून वाचा. गुण माहीत असलेल्या गटाच्या कारणांत काही फरक पडला का, ते पाहा.